वाऱ्यातला सांधा



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे म्हटले म्हणजे लढाया, तह आणि राजवटी यांविषयी काही ऐकावयास मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती अगदी रास्त आहे. परंतु माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. शाळा लवकर सुटली, आणि पुढे जे काही वाचले ते कामगारांची गाऱ्हाणी समजून घेण्याच्या गरजेपोटी वाचले. त्यामुळे इतिहासाकडे पाहताना माझी नजर सिंहासनापेक्षा सांध्याकडे आधी जाते. किल्ला कोणी बांधला हे आपण विचारतो. त्याचे दगड एकमेकांना कसे धरून राहिले, हे विचारीत नाही. आज मी तेवढेच विचारणार आहे. या मालवणच्या किनाऱ्यावर, सतत वाहणाऱ्या वाऱ्यात, माणसाने धातूचे सांधे कसे केले, आणि त्यातला सर्वांत अवघड सांधा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, इथे उघड्यावर करावयाचा झाल्यास काय करावे लागते, हा माझा विषय आहे.

माझे म्हणणे प्रथमच थोडक्यात मांडतो. या किनाऱ्यावरचा वारा साडेतीनशे वर्षांत बदललेला नाही. बदलली ती सांधा करण्याची रीत. जुन्या रीतीत वारा कारागिराचा सोबती होता; नव्या रीतीत तो वैरी झाला. वैरी झाला म्हणून त्याच्यापासून आडोसा करणे हे कामाचेच एक अंग झाले. हा आडोसा कोणी करावयाचा, आणि त्याचा वेळ व खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.

आरंभ सिंधुदुर्गापासून करू. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली आणि समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू झाले. १६६७ साली ते पुरे झाले. सुमारे ४८ एकरांचे बेट, त्याभोवती नागमोडी तट, आणि तटाला चहूबाजूंनी समुद्राचा मार. या तटाच्या पायाचे चिरे शिशाचा रस ओतून बसविले, पाच खंडी शिसे त्यासाठी लागले, असे परंपरा सांगते. आकड्याचा आग्रह मी धरीत नाही. परंतु दगडाच्या सांध्यात शिसे ओतण्याची रीत पुरातन आहे. ग्रीक लोकांच्या देवालयांतही दगडांना बांधणाऱ्या लोखंडी कड्या शिशात बसविलेल्या आढळतात.

शिसेच का? कारागिराच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. शिसे ३२७ अंशांवर वितळते. त्याला भट्टी लागत नाही. कढई, लाकडे आणि वारा एवढ्यावर काम होते. बेटावर भरपूर असणारी वस्तू म्हणजे वारा, आणि तो तर जाळाला हवाच असतो. वितळलेल्या शिशावर मळी जमते. ती पळीने बाजूला सारली की खाली स्वच्छ रस मिळतो. तो ओतताना वारा अंगावर आला तरी सांधा बिघडत नाही, रस थोडा लवकर थिजतो इतकेच. म्हणजे या किल्ल्याच्या पायात ओतलेला धातू असा होता की, ज्याला वाऱ्याची भीती नव्हती. ज्यांनी तो निवडला त्यांना जागा कळत होती. त्या पाथरवटांची आणि लोहारांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. शिसे हे विष आहे, आणि ते कढईपाशी बसणाऱ्याच्या अंगात हळूहळू भिनते, एवढे मात्र आज आपल्याला ठाऊक आहे.

लोहाराचेही तसेच. त्याचा भाता म्हणजे काय? चामड्यात कोंडलेला वारा. कोळशातून तो फुंकला की ताव चढतो. दोन लोखंडी तुकडे पांढरेफटक होईपर्यंत तापवावयाचे, वर वाळू टाकावयाची, आणि ऐरणीवर घाव घालून एकजीव करावयाचे, ही लोहाराची सांधण्याची रीत. वाळू कशासाठी? लोखंड तापले की त्याच्यावर हवेतल्या प्राणवायूने खवली धरते. वाळू त्या खवलीशी मिळून तिचा पातळ रस करते, आणि हातोड्याचा घाव पडला की तो रस सांध्यातून बाहेर उडतो. सांधा करावयाचा म्हणजे हवा आणि धातू यांच्यामध्ये काहीतरी झाकण असले पाहिजे, ही गोष्ट लोहाराला रसायनशास्त्र न शिकता उमगली होती. पुढचा सगळा इतिहास या झाकणाचाच आहे, म्हणून ही वाळू ध्यानात ठेवावी.

समुद्रावर जाणाऱ्या गलबतांना तर आगीचा सांधा नकोच होता. अरबी समुद्रातली जुनी जहाजे काथ्याने शिवलेली असत, असे परदेशी प्रवाशांनी पूर्वीपासून लिहून ठेवले आहे. मागाहून लोखंडी खिळे आले, फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ ठोकण्याची रीत रूढ झाली. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती; तिथली गुराबे आणि गलबते अशाच सांध्यांवर तरली. असा सांधा उघड्या पुळणीवर, भर वाऱ्यात करता येतो.

घरोघरच्या सांध्याचा आणखी एक कारागीर आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो म्हणजे कल्हईवाला. आंब्याच्या सावलीत खड्डा करून तो भाता लावी, तांब्या-पितळेचे भांडे तापवी, नवसागराची चिमूट टाकी, आणि पांढरा धूर निघताच कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसून घेई. नवसागर हे पुन्हा तेच झाकण. तांब्यावरचा मळ तो खातो, आणि त्या क्षणभरात कथील धातूला चिकटते. वारा असला तरी कल्हईवाल्याला फारशी अडचण पडत नसे. खड्डा जाळाला सांभाळी आणि भांडे स्वतःच आपल्या पोटाला आडोसा देई.

या कारागिराच्या हाती एके दिवशी असे भांडे आले की, ज्याच्यावर त्याची कल्हई बसेना. आपल्याकडे त्याला ‘जर्मन’चे भांडे म्हणत. ते ॲल्युमिनियमचे होते.

ॲल्युमिनियम मातीत विपुल आहे, पण मातीपासून ते सोडविणे फार कठीण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते मौल्यवान धातूंत गणले जाई. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, विजेच्या साहाय्याने ते स्वस्तात काढण्याची एकच रीत शोधून काढली, आणि हा राजेलोकांचा धातू गरिबाच्या चुलीवर आला. आपल्या देशात मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी करण्यास आरंभ केला. पुढे आपल्या शेजारी, बेळगावला, त्याचा मोठा कारखाना निघाला आणि कोल्हापूरच्या डोंगरांतले बॉक्साइट त्याला जाऊ लागले. म्हणजे या धातूचा दगड आपल्या घाटमाथ्यावरचाच आहे.

या धातूचा स्वभाव पाहा. तो हलका, गंज न धरणारा आणि नरम आहे. गंज धरत नाही याचे कारण असे की, हवा लागताक्षणी त्याच्या अंगावर एक अतिशय पातळ कातडी तयार होते आणि ती पुढचा गंज थोपवून धरते. वापरणाऱ्याला ही कातडी वरदान, आणि सांधणाऱ्याला शाप. धातू ६६० अंशांवर वितळतो. त्याची कातडी दोन हजारांहून अधिक अंश होईपर्यंत वितळत नाही. तेव्हा ज्योत लावली तर आत रस झालेला असतो आणि वर कातडी तशीच. दोन थेंब शेजारी बसूनही एकमेकांत मिसळत नाहीत. शिवाय लोखंड लाल होऊन कारागिराला इशारा देते. ॲल्युमिनियम रंग बदलीत नाही. ते पाहता पाहता खाली गळून पडते. कल्हईवाल्याचा नवसागर या कातडीपुढे चालला नाही, यात नवल नाही.

म्हणून पुष्कळ वर्षे लोकांनी हा सांधा टाळला. भांड्याला कान बसवावयाचा तर रिबिट मारले. आपली एस. टी. १ जून १९४८ रोजी रस्त्यावर आली. पुढे तिच्या गाड्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे चढले तेही रिबिटांनीच. रिबिटाला वारा लागत नाही, पाऊस लागत नाही. त्याच्यात दोष इतकाच की, त्याच्यासाठी पत्र्याला भोक पाडावे लागते, आणि भोकाच्या कडेने कालांतराने चीर जाते वा पाणी शिरते. बोटीला, टाकीला किंवा दाबाच्या नळीला अखंड सांधाच हवा. ज्योतीने सांधताना कातडी खाणारे तीव्र क्षार वापरून पाहिले; पण तो क्षार धुऊन काढण्यात किंचित कसूर झाली तर तोच धातूला खाऊ लागे.

मार्ग सापडला तो निराळ्याच दिशेने, आणि त्या मार्गावर आपल्या जिल्ह्याचे एक स्थान लागते, म्हणून थोडे विषयांतर करतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतावरून खग्रास सूर्यग्रहण गेले. विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे ओटे आहेत. त्यांवरून ते ग्रहण पाहिले गेले, अशी आपल्याकडची परंपरा आहे. पुष्कळदा असेही सांगतात की, लॉकियरसाहेबांनी विजयदुर्गावर उभे राहून हेलियम शोधला. अभिमान चांगला, पण तो खऱ्याच्या आधाराने असावा. नॉर्मन लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूरला पाहिले, आणि लॉकियर यांनी दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात, ग्रहणावाचूनच सूर्याच्या कडेच्या प्रकाशात ती अनोळखी पिवळी रेषा ओळखली. त्या नव्या मूलद्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. तथापि ज्या ग्रहणाने या शोधाला चालना दिली ते आपल्या किनाऱ्यावरून गेले होते, आणि १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन पाळतात, हे योग्यच आहे.

हेलियमचा आणि आपल्या सांध्याचा संबंध काय? हा वायू कोणाशीही संयोग पावत नाही. १८९४ साली रॅले आणि रॅमझे यांनी साध्या हवेतच असा दुसरा वायू शोधला. हवेत तो शंभरात जेमतेम एक भाग आहे. त्याला त्यांनी ग्रीक भाषेत ‘आळशी’ अशा अर्थाचे आर्गन हे नाव दिले. मालकवर्ग कामगाराला आळशी म्हणतो तेव्हा मला या वायूची आठवण होते. कारण जगातले अतिशय नाजूक काम या आळशाच्या पहाऱ्यावाचून होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० नंतर, अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनच्या न वितळणाऱ्या काडीतून विजेची ठिणगी चालू ठेवून तिच्याभोवती हेलियमचा झोत सोडण्याची रीत पक्की केली. तिचे नाव हेलीआर्क. अमेरिकेत हेलियम जमिनीतून निघे. इतरत्र हवेतून काढलेला आर्गन सोयीचा पडला, म्हणून आपल्या कारखान्यांतून आजही या कामाला ‘आर्गनचे वेल्डिंग’ म्हणतात. ॲल्युमिनियमसाठी उलटसुलट वाहणारी वीज वापरतात. तिच्या एका फेरीत ती कातडी फोडते, दुसऱ्या फेरीत धातूत उष्णता घालते. आणि आर्गन हवेला दूर ठेवतो, तोवर नवी कातडी धरत नाही. लोहाराच्या वाळूचे आणि कल्हईवाल्याच्या नवसागराचे काम आता वाऱ्यासारख्याच अदृश्य वायूने हाती घेतले.

इथेच इतिहासाने कूस बदलली. झाकण जोवर वाळूचे वा क्षाराचे होते तोवर त्याला वजन होते. वारा ते उडवू शकत नव्हता. लोखंडाच्या विजेच्या सांध्यातही तीच सोय राहिली. स्वीडनमध्ये ऑस्कर केलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काडीलाच लेप दिला. लेप जळून आपला धूर करतो आणि सांध्यावर मळीची खपली ठेवून जातो. मुंबईत १९५१ साली अडवाणी-ओर्लिकॉन कंपनी स्थापन झाली आणि अशा काड्या देशात होऊ लागल्या. अशी काडी घेऊन माणूस पुलावर, जहाजावर, उघड्या माळावर बसू शकतो. तिचे झाकण तिच्याबरोबर असते. ॲल्युमिनियमचा चांगला सांधा करावयाचा तर झाकण बाहेरून, नळीतून, मिनिटाला दहा-बारा लिटर आर्गनच्या मंद झोताने धरावे लागते. आणि झोत म्हटला की वाऱ्याचा अधिकार आला.

किती वारा चालतो? ताशी सुमारे ८ किलोमीटर, ही साधारण मर्यादा मानतात. एवढा वारा म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल, माडाची पाती किंचित हलतील, इतकाच. त्याहून अधिक झाला की आर्गनचा पदर बाजूला सरतो आणि हवा रसाला भिडते. ठिणगी तडतडते, सांध्यावर काळी काजळी येते, आणि आत बारीक छिद्रे पडून तो पावासारखा होतो. वरून घासून गुळगुळीत केला तर डोळ्याला कळतही नाही. यावर नवशिक्याला सुचणारा उपाय म्हणजे आर्गन जोराने सोडणे. त्याने काम अधिकच बिघडते. जोराचा झोत भोवरे करतो आणि बाहेरची हवा स्वतःच आत ओढून घेतो. हेलियम घ्यावा तर तो हवेच्या सातव्या हिश्शाइतका हलका. तो अधिकच लवकर उडून जातो.

आता आपला किनारा पाहा. इथल्या कोळ्या-गाबितांना दोन वारे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई, आणि दिवस तापला की समुद्रावरून येणारा खारा. मतलईवर होड्या बाहेर पडत आणि खाऱ्यावर परत येत. या दोहोंच्या मध्ये, सकाळी, एक शांत घटका असते. उघड्यावर ॲल्युमिनियम सांधावयाचे तर ती घटका उत्तम. परंतु तिच्यात एक अडचण आहे. त्या वेळी धातूवर दंव असते. पाण्यात हायड्रोजन आहे; वितळलेले ॲल्युमिनियम तो घन धातूच्या सुमारे वीसपट शोषून घेते आणि थिजताना बाहेर टाकते. बाहेर पडावयास सवड मिळाली नाही की पुन्हा तीच छिद्रे. म्हणजे वारा नाही तेव्हा दंव आहे, आणि दंव वाळले की खारा वारा सुटतो. त्याच्याबरोबर मिठाचा कण येतो तो वेगळाच. म्हणून सांध्याची जागा आधी पुसावी, ऊन करून वाळवावी, फक्त ॲल्युमिनियमसाठीच राखलेल्या पोलादी ब्रशाने घासावी, आणि मग विलंब न लावता सांधावी. आणि आडोसा करावा.

आडोसा ही आपल्या माणसाला शिकवावी लागणारी गोष्ट नव्हे. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते तेव्हा पुळणीवर ओढलेल्या होड्या चुडतांच्या झापांनी कशा शाकारतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वेल्डिंगला झाप चालणार नाहीत, ते पेट घेतील. तिथे पत्रा किंवा न पेटणारे कापड हवे. तीन बाजू बंद, चौथी वाऱ्याच्या उलट दिशेला उघडी. सगळ्याच बाजू बंद करू नयेत, कारण आर्गन हवेपेक्षा जड आहे. खळग्यात किंवा टाकीच्या तळाशी तो साचतो, आणि त्याला ना वास ना रंग. आत बसलेला माणूस गुदमरला तर त्याला स्वतःला ते कळत नाही. शिवाय चकचकीत ॲल्युमिनियमवरून त्या ठिणगीची झळ दुणावून डोळ्यांवर व कातडीवर येते. म्हणजे आडोसा हा विचारपूर्वक उभा करावयाचा असतो. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, दोन माणसे लागतात, आणि त्याचे बिल कुठेच लागत नाही.

या शेवटच्या वाक्यात माझा विषय येऊन ठेपतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी याच किनारपट्टीवर एका धक्क्यावर ॲल्युमिनियमचे कठडे बसवावयाचे काम चालू होते. ठेकेदार मजुरी सांध्यावर देई. जितके सांधे तितके पैसे. दुपारी खारा वारा भरात आला की वेल्डर आपली पाठ वाऱ्याला देऊन, स्वतःच्या अंगाचा आडोसा करून काम करीत. सांधे काळे येत. तपासनीस ते नापास करी, आणि नापास सांध्याचे पैसे मजुरीतून कापले जात. आम्ही बोलणी करावयास गेलो तेव्हा ठेकेदार म्हणाला, “वाऱ्याला मी काय करू?” आम्ही म्हटले, वाऱ्याला काही करू नका, चार नळ, एक पडदा आणि दोन माणसांची अर्ध्या तासाची मजुरी द्या. दोन दिवस घासाघीस झाली. अखेर पडदे आले, आणि ते उभारण्याचा वेळ मजुरीत धरला गेला. जे तुकडे शेडमध्ये जोडून आणता येतील ते तिथेच जोडावयाचे आणि धक्क्यावर शक्य तितके बोल्टच आवळावयाचे, असेही ठरले. नापास सांधे पुष्कळच कमी झाले. त्याच वेल्डरांचे हात, तोच वारा. मधे फक्त पडदा आला होता.

कोणी म्हणेल, ही तर किरकोळ बाब झाली. मी तसे मानीत नाही. १९४८ चा कारखान्यांचा कायदा भिंतींच्या आतल्या कामगारासाठी होता. बांधकामावरच्या कामगारासाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला, आणि २०२० च्या संहितेत हे कायदे एकत्र गुंफण्यात आले. एवढ्या कायद्यांत माणसाच्या सुरक्षिततेचा विचार आहे, तो हवाच. परंतु कामाला योग्य जागा मिळणे हाही कामगाराचा हक्क आहे, ही समजूत अजून रुजावयाची आहे. हातोडा हे हत्यार आहे तसाच आडोसाही हत्यार आहे. हातोडा घरून आणा असे कोणी लोहारशाळेत सांगत नाही. आडोसा मात्र अजूनही वेल्डरने आपल्या पाठीचा करावा, अशी अपेक्षा असते.

या गोष्टीची किंमत किती मोठी होऊ शकते, हे मालवणने अलीकडेच पाहिले. सिंधुदुर्गासमोर राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही झाले नसता, तो कोसळला. ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचे कारण तेव्हा पुढे करण्यात आले. त्याआधी सहाच दिवस, २० ऑगस्टला, पुतळ्याच्या नट-बोल्टांना गंज चढल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मालवणच्या कार्यालयाने नौदलाला पाठविले होते. नौदलाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची चौकशी समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालात कारणे आली ती गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही. २०२५ च्या मे महिन्यात त्याच जागी ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला.

त्या पुतळ्याचा धातू वेगळा होता, ॲल्युमिनियमचा नव्हता, हे मी जाणून आहे. पण त्या दिवसांतल्या बोलण्यातून एक विचारसरणी दिसते, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधतो. काही मोडले की आपण वाऱ्याकडे बोट दाखवितो. ताशी ४५ किलोमीटरचा वारा हा मालवणला अनोळखी पाहुणा नव्हे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले, त्याचा जोर याहून कितीतरी अधिक होता; समोरचा सिंधुदुर्ग त्यानंतरही उभा आहे. दगडी तटाची आणि धातूच्या पुतळ्याची बरोबरी होत नाही, हेही खरे. परंतु दोन्ही ठिकाणी वारा आधीपासून ठाऊक होता. एका ठिकाणी जागा ओळखून धातू आणि रीत निवडली गेली. दुसऱ्या ठिकाणी काय झाले ते समितीने लिहून ठेवले आहे.

सांधा दोनदा वाऱ्याला तोंड देतो. एकदा तो होत असताना, आणि एकदा तो पुरा झाल्यावर. दुसरा वारा मोठा असतो, त्याची बातमी होते. पहिला वारा गालालाही धड जाणवत नाही. पण सांध्याचे बरेवाईट तोच ठरवून जातो, आणि ज्याला तो अडविता आला असता त्याचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही. नाव येते ते बहुधा काडी धरणाऱ्याचे.

विज्ञान पुढे जात आहे. १९९१ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संस्थेत अशी रीत निघाली की, फिरत्या खुंटीने दोन ॲल्युमिनियमचे तुकडे न वितळविता, पिठासारखे मळून एकजीव करावयाचे. तिला आर्गन लागत नाही, म्हणून वाऱ्याचेही भय नाही. लोहाराच्या घावाचीच ती नवी आवृत्ती म्हणावी लागेल. परंतु ते यंत्र जड आहे. ते कारखान्यात राहते. किनाऱ्यावर होडीच्या इंजिनाचे फुटलेले घर सांधणाऱ्या, धक्क्यावर कठडा बसविणाऱ्या माणसाच्या हाती उद्याही आर्गनचीच नळी असणार.

त्याच्यासाठी माझे मागणे साधे आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात आडोशाची एक ओळ असावी. त्याचा खर्च ठेका देणाऱ्याने द्यावा, त्याचा वेळ मजुरीत धरावा, आणि आडोसा नसेल तर सांधा करण्यास नकार देण्याचा अधिकार वेल्डरला असावा. नगरपालिकेत, पंचायतीत, सहकारी संस्थेत आपल्यापैकी अनेकजण अशी अंदाजपत्रके मंजूर करतात. पुढच्या वेळी ती ओळ शोधावी, आणि नसेल तर घालावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.